हळदीच्या डिस्कवरचं शून्य

अण्णा, सोमवारी मी तुझ्याशी भांडायची जय्यत तयारी करून निघाले होते. कंपनीची बस जयनगरला यायची तेव्हा तू चामराजपेटहून आधीच बसलेला असायचास, शेजारच्या सीटवर डबा ठेवून माझी जागा धरलेली. त्या दिवशी सीट रिकामी होती. मी म्हटलं, रुसलाय. स्कूटर काढून एकटाच गेला असेल. इलेक्ट्रॉनिक सिटी येईपर्यंत मी माझे मुद्दे घोकले, आणि स्कूटरवरून मारायचा एक टोमणाही तयार ठेवला.

रिसेप्शनवरची मुलगी मला बघून उठून उभी राहिली आणि म्हणाली, "राव सर नो मोर." मला वाटलं, तू राजीनामा दिलास. शुक्रवारी माझ्याशी वाजलं म्हणून सरळ नोकरी सोडलीस. खरं सांगते, मला भयंकर राग आला. एवढ्यावरून कोणी नोकरी सोडतं का, असं मी तिला विचारलंसुद्धा. मग तिनं कन्नडमध्ये सांगितलं, मग हिंदीत सांगितलं. शब्द कळत होते, पण त्यांचा तुझ्याशी काही संबंध आहे हे डोक्यात शिरेना.

रविवारी सकाळी तू मार्केटात भाजी आणायला गेलास, पिशवी घेऊन एका दुकानाच्या पायरीवर टेकलास, आणि उठलाच नाहीस. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलंही होतं. मी राहते तिथला फोन मालकिणीच्या खोलीत, आणि तो नंबर ऑफिसात फक्त तुझ्याकडे होता. म्हणजे मला कळवायचं तर ते तूच कळवायला हवं होतंस. हे मी परवा मोठ्यानं बोलून गेले आणि बसमधले सगळे खिडकीबाहेर बघायला लागले.

तुझा जन्म, शिक्षण, अनुभव वगैरे मी लिहिणार नाही. ते नोटीस बोर्डावर लागलंय, फोटोसकट. फोटोत तुझी मिशी भलतीच दिसते आहे.

मी पुण्याहून नवीन आले तेव्हा कॅन्टीनमध्ये आईला फोनवर काय सांगायचं ते पुटपुटत होते, आणि मागून आवाज आला, "मराठी काय तू?" तुझं ते मराठी ऐकून मला हसू आवरेना. निम्मं कन्नड, निम्मं तीनशे वर्षांपूर्वीचं. तुम्ही लोक म्हणे मराठ्यांच्या फौजेबरोबर घोड्यावरून आलात. मी म्हटलं, मग एवढ्या वर्षांत मराठी जरा सुधारलं का नाही? तर तू म्हणालास, "आम्ही आणलं तसं ठेवलंय गं. तुम्हीच तिकडं बदलून टाकलंत." त्या दिवसापासून मी तुझी 'पुणे' झाले. नाव घेऊन तू मला कधी हाक मारली नाहीस. "ए पुणे, स्वल्प थांब." हे 'स्वल्प' मलाही लागलं. आई विचारते, हे काय नवीन, तर मी सांगते, जरासं.

आपण नक्की काय काम करतो हे आईला कधी कळलं नाही. एकदा माझ्या हातातून फोन घेऊन तूच तिला सांगितलंस. "मावशी, वायरीतून पत्रं पळतात. आम्ही नाक्यावर बसून प्रत्येक पत्राची नोंद घेतो. पत्रं थांबवायची नाहीत, आणि एकबी चुकवायचं नाही." आई म्हणाली, म्हणजे पोस्टातच आहेस की. तेव्हापासून तिनं मला पगाराबद्दल विचारणं सोडलं.

पण खरोखर एवढंच होतं. आपली कंपनी एक खोका विकणार होती. गिऱ्हाइकाच्या नेटवर्कवर तो बसेल, येणारं जाणारं प्रत्येक पॅकेट टिपून ठेवेल, उद्या काही बिघडलं तर काय झालं ते त्यातून बघता येईल. त्या खोक्यात कुठली ऑपरेटिंग सिस्टीम घालायची एवढाच प्रश्न होता. लिनक्स, फ्रीबीएसडी की एनटी? वेग वाढवत नेला की कोण किती पॅकेटं सांडतं? बाकी सगळे 'ड्रॉप' म्हणायचे, तू 'सांडली' म्हणायचास. मॅनेजरांनी तक्ता करायचं काम आपल्या दोघांना दिलं, आणि तिथेच ते फसले. मी लिनक्सची, तू फ्रीबीएसडीचा. एनटीला कोणीच नव्हतं, तर त्याच्याकडे आपण पाहुण्यासारखं अदबीनं बघायचो.

तुझा एकच हट्ट. मशीन एक, कार्ड एक, केबलसुद्धा तीच. बदलायची ती फक्त डिस्क. प्रत्येक वेळी झाकण उघडा, डिस्क काढा, दुसरी लावा. मी कंटाळायचे. तीन मशीनं मागून घेऊ म्हणायचे. "मग तू मशीनला हरवशील, सिस्टीमला नव्हे," असं म्हणून तू स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात द्यायचास.

आणि तिन्ही डिस्क दिसायला अगदी सारख्या. चिकटवलेल्या चिठ्ठ्या मशीनच्या उष्णतेनं गळून पडायच्या. त्या एकदा कोणीतरी उचलून पुन्हा लावल्या, आणि त्या दिवशी मी अर्धा दिवस तुला लिनक्स कसं सरस आहे ते आकड्यांसकट ऐकवलं. तू मान डोलवत सगळं ऐकून घेतलंस. माझं संपल्यावर मशीन पुन्हा चालू केलंस आणि स्क्रीनकडे नुसतं बोट दाखवलंस. वर फ्रीबीएसडी असं आलं. "छान बोललीस हं माझ्या बाजूनं," म्हणालास. उरलेला दिवस मी तुझ्याशी बोलले नाही.

मग आली आयुधपूजा. आमच्याकडे खंडेनवमीला आजोबा कात्री आणि पाटा-वरवंटा पुजायचे, पण इथल्यासारखा थाट नाही. सबंध ऑफिस झेंडूनं भरलं, दाराशी केळीचे खांब, बसच्या चाकाखाली लिंबं, आणि सगळे कॉम्प्युटर बंद. मी चिडले, आपली चाचणी अर्धवट राहिली होती. "आज त्यांची सुट्टी," तू म्हणालास, "तू पण स्वल्प गप्प बस." आणि पूजेच्या ताटातून हळद घेऊन तू लिनक्सच्या डिस्कवर बोट टेकवलंस. फ्रीबीएसडीला कुंकू. एनटीला विभूती. "आता गळायचं नाय." कागदाला जमलं नाही ते तुझ्या बोटानं केलं. आजही ते डाग तसेच आहेत. तेव्हापासून आपण सिस्टीमची नावंच घेणं सोडलं. मॅनेजर मीटिंगमध्ये विचारायचे, स्टेटस काय, आणि तू गंभीरपणे सांगायचास, कुंकू झालं, हळद उद्या.

भांडण लागलं ते हळदीवरून. कुंकवाच्या डिस्कवर वेग वाढवला की सांडलेल्या पॅकेटांचा आकडा वाढायचा, प्रामाणिकपणे. विभूतीचंही तसंच. हळदीच्या डिस्कवर मात्र कितीही वेग द्या, पॅकेटं टिपणारा प्रोग्रॅम शेवटी छापायचा, सांडलेली: शून्य. मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. तू खूश तर नाहीच, उलट भुवया वर. "इतकं चांगलं असतंय का कुठं? दूध ओतताना चार थेंब सांडतातच. सांडलं नाय म्हणणाऱ्याचा ओटा बघायचा."

मग तू सोर्स कोड वाचत बसलास आणि मला बोलावून दाखवलंस. म्हणे लिनक्सच्या या व्हर्जनमध्ये किती सांडली ते वरच्या प्रोग्रॅमला कळायची सोयच नाही. आकडा तर काहीतरी द्यायला हवा, आणि 'माहीत नाही' असं लिहायला तिथे जागाच केलेली नाही. म्हणून शून्य. "हे शून्य म्हंजे काय सांडलं नाय असं नव्हे, पुणे. हे शून्य म्हंजे मोजलंच नाय."

मला पटलं नाही. पटलं नाही म्हणण्यापेक्षा, पटवून घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, कोड वाचून काय सिद्ध होतं, तू कुंकवाचा भक्तच आहेस. तर तू चाचणीच लिहायला घेतलीस. एका मशीननं प्रत्येक पॅकेटवर क्रमांक घालून ते पाठवायचं, आणि ऐकणाऱ्या मशीननं कुठले क्रमांक आले नाहीत ते बघायचं. कोणालाच विचारायला नको, तुझं किती सांडलं म्हणून. मधल्या रिकाम्या जागा आपोआप सांगतील.

शुक्रवारी तुझा तो प्रोग्रॅम तयार झाला आणि माझा तक्ताही. सोमवारी तो मॅनेजरांना द्यायचा होता. तू म्हणालास, एकदा चालवू आणि मग दे. मी म्हटलं, "तुला हरायचं नाहीये, एवढंच." तू माझ्याकडे बघितलंस, "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणालास, आणि जाऊन खुर्चीत बसलास. चारला आपण कॉफीला जायचो, त्या दिवशी आला नाहीस. बसमध्ये शेजारीच होतास, डावा हात उजव्या हातानं दाबत. मी विचारलं, काय झालं. "काय नाय. सुम्ने." सुम्ने म्हणजे उगाच, असंच. तुझा लाडका शब्द. तुझ्या तोंडून मी ऐकलेला शेवटचाही तोच, हे मला अजून खरं वाटत नाही.

सोमवारी संध्याकाळी आम्ही सगळे तुझ्या घरी गेलो. अक्का ओसरीवर बसल्या होत्या. तू त्यांच्याबद्दल इतकं बोलायचास की मी त्यांना आधीच ओळखत होते. आई गेल्यावर त्यांनी तुला वाढवलं, तुझ्यासाठी लग्न केलं नाही, शाळेत कन्नड शिकवतात आणि घरी मराठी बोलतात. त्या रडत नव्हत्या. आल्या गेल्या प्रत्येकाला एकच विचारत होत्या. "ऑफिसात काय म्हणाला होता का रामू? कुठं दुखतंय, दमतोय, असं काय?" मॅनेजर म्हणाले, नाही, अगदी फिट होता. बाकीचे म्हणाले, नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू तर रोज बाजूलाच बसायचीस की गं." आणि मी म्हटलं, "नाही अक्का. काहीच म्हणाला नाही." त्यांनी मान हलवली. "घरी पण काय नाय," म्हणाल्या.

त्यात खोटं काही नव्हतं. तू खरंच काही म्हणाला नव्हतास.

गुरुवारी मॅनेजरांनी हळू आवाजात तक्त्याचं विचारलं. मी देते म्हटलं आणि सगळे जेवायला गेल्यावर तुझ्या जागेवर जाऊन बसले. अण्णा, हे मी तुझ्यासाठी वगैरे केलं असं समजू नकोस. मी तुला हरवायलाच बसले होते. तू चुकलास हे दिसलं असतं तर आपलं भांडण आणखी काही दिवस चालू राहिलं असतं, आणि मला ते हवं होतं. झाकण उघडून कुंकवाची डिस्क लावली. तिनं जितकी सांडली म्हणून सांगितलं, तितकेच क्रमांक मध्ये गायब होते. मग हळदीची लावली. प्रोग्रॅमनं नेहमीसारखं छापलं, सांडलेली: शून्य. आणि खाली तुझ्या प्रोग्रॅमनं गायब क्रमांक दाखवायला सुरुवात केली. स्क्रीन भरून वर सरकत राहिली. थांबेचना.

मला वाटलं होतं की तू जिंकलास याचं मला वाईट वाटेल, किंवा बरं वाटेल. तसलं काहीच झालं नाही. मी त्या सरकणाऱ्या आकड्यांकडे बघत होते आणि मला दिसत होता तो गेटवरचा वॉचमन.

बस थांबायची तिथून बिल्डिंगपर्यंत चढ आहे. गेले काही आठवडे तू मध्येच थांबून वॉचमनला स्कोअर विचारायचास. मी पुढे जाऊन तुझी वाट बघत, वैतागत उभी राहायचे. मॅच नसलेल्या दिवशीही तू थांबायचास, अण्णा. मला तेव्हा ते विचित्र वाटलंसुद्धा होतं. मॉनिटर उचलायचा असला की, "तू उचल, पुण्याची ताकद बघू." डब्यातलं चित्रान्न अर्धं माझ्याकडे सरकवून, "आज भूक नाय, सुम्ने." मी आनंदानं खायचे. यातलं एकेक मला दिसलं होतं. एकेक समोरून गेलं होतं. पण शेवटी विचारलं की तू सांगायचास शून्य, आणि मी ते लिहून घ्यायचे.

मग मात्र तुझा इतका संताप आला की मी स्क्रू ड्रायव्हर टेबलावर आपटला. दुसऱ्याचं शून्य तुला खपत नव्हतं. एका डिस्कच्या शून्यासाठी तू कोड उकरलास, चाचणी लिहिलीस, माझ्याशी वैर घेतलंस. आणि स्वतः सगळ्या जगाला काय सांगत फिरत होतास? डॉक्टरकडे जायला काय धाड भरली होती तुला? इथे जयनगरात पावलापावलावर डॉक्टर आहेत, मी हाताला धरून नेलं असतं. भांडत भांडत नेलं असतं. रडू मला तिथे आलं, पहिल्यांदा, आणि जेवून परत आलेल्यांना वाटलं मशीन बिघडलं म्हणून मी रडते आहे.

तक्ता मी बदलला. लिनक्ससमोरच्या शून्यावर काट मारून गायब क्रमांकांवरून काढलेला आकडा लिहिला. खोक्यात कुंकू जाणार. मॅनेजर म्हणाले, तुमचं लिनक्स हरलं की. मी म्हटलं, हो. त्यांना आणखी काय सांगणार होते मी?

पण दुसरं शून्य मी अक्कांना देऊन आले होते, आणि ते तिथेच होतं. शनिवारी दुपारी मी एकटी चामराजपेटला गेले. रिक्षात पूर्ण वेळ वाटत होतं की परत फिरावं. गेलेल्या माणसाच्या बहिणीला जाऊन सांगायचं, की तो दमत होता, हात दाबत होता, जेवत नव्हता, आणि मला दिसत होतं? कशासाठी? त्यांनी मला दारातून घालवून दिलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं.

अक्कांनी आत घेतलं. मी सगळं सांगून टाकलं. वॉचमन, मॉनिटर, चित्रान्न, बसमधला हात. बोलताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मग म्हणाल्या, "जिन्यात मध्येच बसायचा. मी विचारलं की म्हणायचा, मांजर बघतोय."

"मांजर आहे?"

"मांजर कुठलं गं? आमच्याकडं कधीच नव्हतं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "रात्रीला दोन उश्या मागायचा. पाण्याची घागर मला उचलायला सांगायचा. मी कुणाला बोललेच नाय. मला वाटलं, मला एकटीलाच दिसलं, आणि मी गप्प बसले, म्हणून रामू गेला." त्या माझा हात धरून बसल्या. त्या सोमवारी त्या सगळ्यांना का विचारत होत्या, ते मला आत्ता कळलं. माझ्यासारखा तुझ्यावर राग नव्हता त्यांचा. त्यांना एवढंच हवं होतं की कोणीतरी म्हणावं, हो, मलाही दिसलं होतं. आणि आम्ही सगळे ओळीनं नाही म्हणून निघून गेलो होतो.

मग आम्ही दोघींनी तुझे क्रमांक लावले, अण्णा. घरातले त्यांचे, ऑफिसातले माझे. कधी जिना, कधी चढ, कधी उशी, कधी डबा. एकीकडच्या रिकाम्या जागा दुसरीकडून भरत गेल्या. सगळं जुळल्यावर तुझं दुखणं ढळढळीत दिसत होतं.

निघताना मी त्यांना आपल्या भांडणाचं सांगितलं. हळद, कुंकू, विभूती. तू डिस्कला बोट लावलंस ते ऐकून त्या जराशा हसल्याही. मग विचारलं, "मग ते शून्य का सांगत होतं गं मशीन? खोटं का बोलायचं?"

मी तुझंच वाक्य सांगितलं. "खोटं नाही, अक्का. त्याला 'माहीत नाही' म्हणायला जागाच कोणी ठेवली नव्हती. म्हणून ते शून्य म्हणायचं."

त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. तुझी ऑफिसला घालायची चप्पल अजून तिथेच होती, बाहेरच्या बाजूला तोंड करून.

"रामूला होती की गं जागा," अक्का म्हणाल्या. "मी होते."